सुई उचलू नका

नेसरी,
ता. १२ जानेवारी १९१३

मीरासाब,

खुशाली विचारायला बसलेलो नाही. हे पत्र संतापाने लिहितो आहे आणि तू ते उभ्याने वाचावंस.

काल इथे चावडीसमोर माझं व्याख्यान झालं. विषय होता अमेरिकेतला एक काळा बँडवाला. मुंबईहून आलेल्या मासिकात त्याच्याबद्दल वाचलं, तेव्हापासून डोकं तापलेलं होतं. हा माणूस स्वतः गाणी रचतो, नाचाच्या चाली बांधतो, पन्नास वाजवणाऱ्यांना बोटाच्या इशाऱ्यावर खेळवतो. न्यूयॉर्कच्या कोट्यधीशांचं पाऊल त्याच्या चालीशिवाय उचलत नाही. आणि त्याच कोट्यधीशांच्या घरी त्याला दार कुठलं? मागचं. जेवण कुठं? भांडी घासतात तिथं. मी गरजलो, "ज्याच्या सुरावर नाचता, त्याच्या सावलीला का भिता?" टाळ्या पडल्या. पाटलांनी डोळे पुसले. मला वाटलं, गाव जिंकलं.

तेवढ्यात गर्दीच्या पार पलीकडून, निंबाच्या बुडातून एक बाई बोलली. मांगवाड्यातली बाळाबाई.

"मास्तर, त्या अमेरिकेतल्याचं नाव तरी त्याचंच हाय न्हवं?"

मी म्हटलं, "होय बाई."

"मग माझ्या ज्ञानूचं नाव ख्वाजा कुणी केलं, तेवढं सांगा की."

मग तिनेच सगळं सांगितलं. दिवाळीला पोरगा घरी आला, तेव्हा त्याच्या तोंडून तिला कळलं. तुझ्या बँडात तो हलगी वाजवतो, पण लग्नघरात त्याला ख्वाजा म्हणायचं, त्यानेही ख्वाजा म्हणूनच ओ द्यायची. माझ्या तोंडावर ती हे बोलली, साऱ्या गावादेखत.

मीरासाब, पितळी वाद्यांच्या मधोमध हलगी उभी करणारा कोल्हापुरातला पहिला बँडमास्तर तू. त्याबद्दल मी तुला भर सभेत डोक्यावर घेतलं आहे. आणि तू त्या पोराचा हात घेतलास अन् त्याचं नाव गटारात टाकलंस? त्या न्यूयॉर्कवाल्या शेटजीत आणि तुझ्यात फरक काय राहिला? शेटजी निदान मागचं दार उघड दाखवतो. तू ते लाल कोटाखाली लपवलंस.

उत्तर दे.

हंबीरराव

•

कोल्हापूर,
ता. २० जानेवारी १९१३

हंबीरराव,

पत्र उभ्यानेच वाचलं. लग्नसराईत बसायला सवड कुणाला आहे?

नाव बदललं, खरं आहे. मीच बदललं. आता माझंही ऐक.

दरबारच्या बँडात मी दहा वर्षं कॉर्नेट फुंकला. साहेबाची कूच, साहेबाचा सलाम. पाय ठोकायचे, पण नाचायचं नाही. मग आठ माणसं घेऊन स्वतःचा बँड काढला, तेव्हा लोक म्हणाले, मीरासाब, तुझ्या वाजवण्यात दम आहे, पण अंगात येत नाही. चार वर्षांमागे नेसरीच्या जत्रेत ज्ञानूची हलगी ऐकली आणि काय कमी आहे ते कळलं. त्याच महिन्यात मी "सरका पावणं, सरका" हे गाणं बांधलं. शब्द माझे, चाल माझी, पण खालचा ठेका त्याचा. आज कोल्हापुरात त्या गाण्यावाचून वरात निघत नाही. म्हाताऱ्या बायकासुद्धा डोईवरचा पदर कमरेला खोचून नाचतात.

पण वरातीला हलगीवाला दारात चालतो. बँडवाल्यांची पंगत मांडवात बसते. तिथं घरधनी विचारतो, "ह्यो कोण?" मग मी काय सांगू? खरं सांगितलं की ताटं उचलतात. एकदा उचलली आहेत. आठही जण उपाशी उठलो. तेव्हापासून तो ख्वाजा झाला. मग कुणी विचारेनासं झालं.

पाटील रडले म्हणून लिहितोस. मग पाटलांना एवढं विचार, बाळाबाई बोलायला पुढं का आली नाही? तुझ्याच सभेत ती निंबाच्या बुडात का उभी होती? तुला ते दिसलं नाही का?

चैत्रात ग्रामोफोनच्या प्लेटा काढणारी कंपनी कोल्हापूरला येणार आहे. भोंग्यापुढं वाजवायचं, मग ते मशीनमधून गावोगाव ऐकू येतं. त्यांनी मला बोलावलं आहे. माझ्या आयुष्यात एवढं एकच व्हायचं राहिलं आहे. तोवर गप्प राहा. नाव बदलायला कुणी लावलं, तेही विचारू नको. तुझ्या भल्यासाठी सांगतो.

मीरासाब

•

नेसरी,
ता. २६ जानेवारी १९१३

मीरासाब,

विचारू नको? मी विचारणारच! तोंड बंद ठेवायला मी मास्तर झालो नाही.

तुला काय वाटतं, घरधन्याने डोळे वटारले की माणसाने दुसऱ्याचं नाव काढून त्याच्या ताटाखाली सारायचं? आठ जण उपाशी उठलात म्हणतोस. दुसऱ्या वेळीही उपाशी उठायचं! तिसऱ्या वेळी त्या घरधन्याच्या पोरीची वरात मुक्याने निघाली असती, तेव्हा त्याची अक्कल जागेवर आली असती. तुमच्याशिवाय ज्यांचं पाऊल हलत नाही, त्यांना तुम्ही भिता. अरे, दोरी तुमच्या हातात आहे आणि गळ्यातही तुम्हीच घालून घेता!

बाळाबाई लांब का उभी होती, हा प्रश्न मात्र लागला. पुढच्या सभेत तिला पुढं बसवीन.

त्या घरधन्याचं नाव मला कळव. मी त्याच्या दारात सभा घेईन. माझ्या घरच्या कार्यात असं कुणी बोललं असतं, तर मी भर मांडवात डाळ-भाताची पातेली उलथी केली असती. हे मी लिहून देतो. जपून ठेव.

हंबीरराव

•

कोल्हापूर,
ता. ३ फेब्रुवारी १९१३

हंबीरराव,

जपून ठेवलं आहे. तूच मागितलंस, म्हणून आता सांगतो.

नाव बदलायला लावणारा घरधनी म्हणजे तुझा थोरला भाऊ, सयाजीराव. गाव गडमुडशिंगी. कार्य तुझ्या पुतणीचं, धोंडूचं. गेला वैशाख. ताटं उचलली गेली ती त्याच्या आधी, दुसऱ्या घरी. तुझ्या दादांनी तसं काही केलं नाही. ते भले माणूस आहेत. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मीरासाब, व्याही कुरुंदवाडचे हायेत, कडक हायेत. हलगी पायजे, हलगीवाला नगं. कायतरी कर की गड्या." मी म्हटलं, ठेका त्याच्यावाचून उभा राहत नाही. तर म्हणाले, "मग त्याला तुमच्यातला कर." हे शब्द त्यांचे.

तू तिथं होतास. तुरेवाला फेटा बांधून पान-सुपारीचं तबक फिरवत होतास. ज्ञानूपुढं तबक धरून तू काय म्हणालास, आठवतं? "ख्वाजाभाई, आज गाव हलवा बघू!" त्याने मान खाली घातली. तुला वाटलं, लाजला. हंबीरराव, तो तुझ्या नेसरीचा. तुझ्या शाळेच्या खिडकीबाहेर तीन वर्षं बसून त्याने अक्षरं उचलली. त्याला वाटलं, मास्तर ओळखतील आणि काहीतरी बोलतील. तू तबक पुढच्या माणसाकडं नेलंस.

पंगतीला तुझ्या चिमणावहिनींनी स्वतःच्या हाताने त्याला लाडू वाढला, "घ्या की ख्वाजाभाई, लाजू नगा," म्हणून आग्रह केला. त्याने लाडूला हात लावला नाही.

आता आणखी एक. ख्वाजा हे नाव मी रस्त्यावरून उचललेलं नाही. माझा धाकटा भाऊ, पटकीत गेला तो, त्याचं नाव ख्वाजा. दुसरं कुठलं नाव त्या घाईत माझ्या तोंडात आलं नाही. अम्माने, अमीरबीने, ते ऐकलं आणि दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ज्ञानूला तिने "ख्वाजा" म्हणून हाक मारली आणि भाकरी वाढली. आजही तशीच हाक मारते. तू त्याला गटार म्हणालास.

पातेली कधी उलथी करतोस, ते कळव.

मीरासाब

•

नेसरी,
ता. ९ एप्रिल १९१३

मीरासाब,

दोन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखा मी राहिलो नव्हतो. सभाही घेतली नाही.

गडमुडशिंगीला गेलो होतो. दादांच्या पुढ्यात उभा राहून सगळं ओकलो. त्यांनी शांतपणे बैलाच्या गळ्यातली घंटा पुसली. मग म्हणाले, "हंबीर, पोरगी नांदतीया. पोटुशी हाय. तिच्या सासऱ्याला सांगायला जाणार काय तू? जा. लेक परत आली की तू संबाळ." वहिनी दाराआडून म्हणाल्या, "भावजी, मी वाढलं ते वाढलं. आता मला कळलं न्हाय, असं समजा."

कळलं नाही असं समजा! मीरासाब, अख्खा मुलूख एवढ्या एका वाक्यावर चालतो. धोंडूचा चेहरा डोळ्यांपुढं आला आणि मी चुलीपाशी बसून मुकाट्याने जेवलो. पातेली सरळच राहिली. तुझ्याकडचं ते पत्र फाडू नको. ते माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून राहू दे.

राग गेलेला नाही. फक्त आता तो माझ्यावर आहे.

एकच विचारतो. प्लेटीच्या शेवटी वाजवणाऱ्याने आपलं नाव पुकारायचं असतं, असं ऐकतो. ज्यांना प्लेटीवरचा कागद वाचता येत नाही, त्यांना कळावं म्हणून. तुमच्या प्लेटीवर कुणाचं नाव पुकारणार आहात?

हंबीरराव

•

कोल्हापूर,
ता. ३० एप्रिल १९१३

हंबीरराव,

तुझ्या प्रश्नाला आग लागो.

प्लेट निघाली. काय झालं ते ऐक. एक बंद खोली, भिंतीतून आत आलेला भलामोठा भोंगा. साहेबाने एकेकाला जागा दिली. माझा कॉर्नेट भोंग्यापासून सहा पावलं, क्लॅरिनेट चार पावलं. ज्ञानूने हलगीवर एक थाप दिली तर साहेब कानावर हात ठेवून ओरडला. सूर मेणाच्या थाळीवर कोरतात, आणि त्या मेणावर हलगी मावत नव्हती. मग त्याला मागं, आणखी मागं सारत सारत शेवटी दाराबाहेर उभं केलं. दार उघडं, आणि तो उंबऱ्याच्या पलीकडं. मी त्याच्याकडं पाहिलं नाही.

तीन मेणं वाया गेली. साहेब म्हणाला, ही शेवटची. आम्ही "सरका पावणं" असं वाजवलं की भिंतीसुद्धा सरकल्या असत्या. शेवटचा ठेका पडला. ठरल्याप्रमाणे मी भोंग्यापाशी गेलो. "मीरासाब बँड, कोल्हापूर" एवढंच म्हणायचं होतं. त्या तीन शब्दांसाठी मी पंचवीस वर्षं ओठ फाडून घेतले आहेत.

"मीरासा..." म्हटलं असेल-नसेल, तोच दाराबाहेरून ज्ञानू धावत आत आला, खांद्याने मला बाजूला सारलं आणि भोंग्यात तोंड घालून धापा टाकत ओरडला, "हलगी ज्ञानूची! नेसरीच्या ज्ञानूची!"

मेण संपलं. साहेब खूश. म्हणाला, आवाज छान आला.

मी बाहेर येऊन त्याच्या थोबाडीत मारली. होय, मारली. तो हलला नाही. म्हणाला, "मास्तर, दाराभाईर उभा केला तवा काय म्हनलो न्हाय. पन नाव सांगायचं हुतं, तवा मी ख्वाजा व्हतो का?" मी म्हटलं, चालता हो. तो हलगी घेऊन चालता झाला. अम्माने त्या दिवसापासून माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

ख्वाजा म्हणजे मांगवाड्यातला ज्ञानू, ही बातमी फुटलीच. दोन घरांनी आम्हाला दिलेली सुपारी परत मागितली. तुझ्या अमेरिकेतल्या काळ्याचं काय झालं, ते मला सांगत बसू नको. माझं अर्धं नाव मेणात रुतलं आहे, बाकीचं अर्धं घेऊन मी घरी बसलो आहे. झालं समाधान?

मीरासाब

•

नेसरी,
ता. २ नोव्हेंबर १९१३

मीरासाब,

सहा महिने तू माझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाहीस. देऊ नकोस, पण हे शेवटपर्यंत वाच.

कलकत्त्यात छापून तुमची प्लेट आली आहे. दिवाळीला गडमुडशिंगीला गेलो, तर दादांनी मशीन विकत घेतलेलं! ओसरीवर गाव जमलेलं, आणि भोंग्यातून तुझा कॉर्नेट, ज्ञानूची हलगी. हंबीररावाच्या डोळ्यांत पाणी आलं, हे कुणाला सांगू नको. म्हातारे टाळ्या पिटत होते, वहिनी खांबाआड डोलत होत्या. शेवटचा ठेका पडला, आणि दादांनी हात लांब करून अलगद सुई उचलली. सवयीने. जणू प्लेट तिथंच संपते. मग सुरुवातीला ठेवली. पुन्हा नाच, पुन्हा शेवटचा ठेका, पुन्हा सुई वर. दिवाळीला माहेरी आलेली धोंडू, मांडीवर तान्हं घेऊन, हळूच म्हणाली, "काका, आमच्याकडं कुरुंदवाडलाबी असंच करत्यात. मामंजींनी समद्यांस्नी शिकवलंय, कुठं उचलायची ती."

ऐकलंस? सगळ्यांना ठाऊक आहे! कडक व्याह्यांना ठाऊक आहे! कुणी लेक परत धाडली नाही, कुणी प्लेट फोडली नाही. नाचायचं पुरेपूर, आणि नाव यायच्या आत सुई उचलायची. घरोघर एवढी एकच कला शिकून घेतली आहे.

तिसऱ्या वेळी मी दादांचं मनगट धरलं. "सुई उचलू नका." ते म्हणाले, "हात सोड." मी म्हटलं, "ज्ञानूचा हात वैशाखात सोडला, आता नाही." आणि भोंग्यातून आलं, "मीरासा..." मागोमाग धापा, आणि ज्ञानू. दादा उठून गोठ्यात गेले. अजून माझ्याशी बोललेले नाहीत.

ती प्लेट आणि मशीन मी न विचारता उचलून नेसरीला आणलं. या वेळी आधी मांगवाड्यात गेलो. बाळाबाईच्या अंगणात घोंगडीवर मशीन ठेवलं. शेवटी पोराचं नाव आलं. तिने पदराने भोंगा पुसला आणि म्हणाली, "पुन्यांदा लावा." मी लावली. "पुन्यांदा." अकरा वेळा लावली. ज्ञानू भिंतीला टेकून बसला होता. हलगी खुंटीला होती. तुझ्याकडून आल्यापासून त्याने ती काढलेली नाही.

आता माझं ऐक. तू अर्ध्या नावासाठी त्याच्यावर रागावलास. पण ज्ञानूचं नाव ऐकू येऊ नये म्हणून हे लोक सुई उचलतात, तेव्हा त्याच्या आधीचं तुझं अर्धं नावही तिच्यासोबत उचललं जातं. त्यांना तुम्ही दोघेही नको आहात. त्यांना फक्त ठेका हवा आहे. थोबाडीत कुणाच्या मारायची होती, याचा विचार कर.

जा आणि त्याला घेऊन ये.

हंबीरराव

•

कोल्हापूर,
ता. ८ डिसेंबर १९१३

हंबीरराव,

नेसरीला येऊन गेलो. तुझ्या घरी आलो नाही. आधी जिथं जायला हवं होतं तिथं गेलो.

अम्माला बैलगाडीत बसवून नेलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर ज्ञानू म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. तुमी मारलं, मी ढकललं. फिट्टंफाट." अम्माने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि हाक मारली ती ख्वाजा म्हणूनच. मी चपापलो. तो हसला. म्हणाला, "ह्यांनी हाक मारायची. बाकी कुनी मारली तर मी ओ देनार न्हाय."

तर तो परत आला आहे. बँडाचे लाल कोट पेटीत आहेत, कारण आम्हाला बोलावणारं कुणी नाही. म्हणून आम्हीच ठरवलं. तुझ्या लेकीचं, बनाचं, लग्न माघात आहे, असं कानावर आलं. तू सुपारी दिली नाहीस, तरी आम्ही घेतली आहे. वरातीला वाजवू.

ज्ञानूचा एकच सवाल आहे, आणि तो त्याने मला लिहायला सांगितला आहे: पंगतीला कुठं बसायचं? उत्तर त्याच्याच नावाने धाड. त्याला वाचता येतं, कसं ते तुला आता माहीत आहे. भाषण नको. थोडक्यात लिही.

मीरासाब

•

नेसरी,
ता. १४ डिसेंबर १९१३

ज्ञानूराव यांस,

मांडवात, पहिल्या पंगतीत, माझ्या उजव्या हाताला. वाढणारी माझी बायको, आक्का. तुमच्या आई तिच्याजवळ बसतील, निंबाच्या बुडात नाही. दादा येणार नाहीत, तसं त्यांनी कळवलं आहे. नवरदेवाकडच्यांना मी सगळं आधीच लिहिलं आहे. त्यांचं उत्तर अजून आलेलं नाही. बनाला विचारलं. ती म्हणाली, वरात निघाली नाही तरी चालेल, पण पंगत बदलायची नाही.

खिडकीबाहेर तीन वर्षं बसलेल्या मुलाचा चेहरा आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही. मांडवात आलात की, वाजवायच्या आधी, सगळ्यांसमोर मला तुमचं नाव सांगा.

हंबीरराव